अकरा दातांचं चाक

आमच्या कारखान्यात नवा माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात तो माझ्याकडे तक्रार घेऊन यायचा, "मॅडम, तो म्हातारा माझ्यावर सारखा ओरडतो." मी सांगायचे, "ओरडत नाहीत रे. बोलतायत." नरसय्या अण्णांचं बोलणंच तसं होतं. माणूस हातभर अंतरावर असला तरी ते त्याला मैदानापलीकडून हाक मारल्यासारखे बोलत. उमेदीची वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात गेलेली, त्यात कानांचं वाटोळं झालं. सोलापुरात असे मोठ्यानं बोलणारे म्हातारे गल्लोगल्ली भेटतात. त्यांना कुणी भांडखोर समजू नये.

अण्णा गेले त्याला आता बराच काळ लोटला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा गिअर कापायचा छोटा कारखाना आहे. मी तिथे ड्रॉइंग काढते, दात मोजते, प्रमाणं ठरवते. इतकी वर्षं झाली, पण कागदावर दोन आकडे मांडले की अजूनही मला मागून तो आवाज ऐकू येतो, "अम्मा, कुटं जायाचं?" मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण तेलुगू घरातल्या रिवाजाप्रमाणे ते मला अम्माच म्हणत. आणि कुठलंही काम हातात घेण्याआधी त्यांचा हा एकच प्रश्न असे. गिअर कापायला आलेल्या गिऱ्हाइकाला कुठं जायचंय ते विचारणारा दुसरा कारागीर मी पाहिलेला नाही. गिऱ्हाईक चक्रावून जाई. आमचे मालक कपाळावर हात मारून घेत.

उंच, वाळलेली अंगकाठी. पांढरा शर्ट, तो संध्याकाळपर्यंत पांढराच. कमरेला मात्र कायम एक लाकडी धोटा खोचलेला. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो, तो धोटा. त्यांच्या वडिलांच्या हातचा होता. गिरणीत त्यांचे वडील यल्लय्या माग दुरुस्त करणारे जॉबर होते आणि अण्णा त्यांच्याच हाताखाली शिकले. चादरीची वीण दाट हवी की विरळ, हे मागावरचं एक दातेरी चाक ठरवतं. ते चाक बदलायचं काम बापलेकांचं. गिरणी बंद पडल्यावर अण्णा दातांची तेवढी विद्या घेऊन आमच्याकडे आले. मागाचे दात काय आणि मोटारीचे काय, ते म्हणत, एकानं दुसऱ्याला किती ओढायचं एवढाच प्रश्न असतो.

त्या धोट्याचा उपयोग वेगळाच होता. गिअर बसवून झाला, अॅक्सल फिरू लागला की अण्णा धोट्याचं एक टोक त्याच्या कवचावर टेकवत आणि दुसरं आपल्या जबड्याच्या हाडाला लावत. डोळे मिटून उभे राहत. कानांनी ऐकू येत नसे ते हाडातून आत येई. दात कुठे घासतोय, कुठे आपटतोय, हे ते धोटा न हलवता सांगत. मी एकदा गंमत म्हणून लावून पाहिला. मला नुसत्या गुदगुल्या झाल्या. अण्णा पोट धरून हसले, आणि ते हसणंही अर्थातच रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

स्वभावानं सोपे होते असं मी मुळीच म्हणणार नाही. हट्टी होते. स्वतःच्या कामाचा त्यांना भरपूर ताठा होता आणि तो ते लपवतही नसत. मी डिप्लोमा करून नवी नवी आले तेव्हा पहिलंच गणित मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलं. चारास एक असं प्रमाण हवं होतं, मी लहान चाकाला दहा दात दिले आणि मोठ्याला चाळीस. यात चुकण्यासारखं काय आहे? अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि तसाच परत दिला.

"दहा न् चाळीस? म्हंजे ह्या दाताची गाठ जल्मभर त्याच चौघांशी?"

"मग? प्रमाण बरोबर आहे की."

"प्रमाण बरोबर हाय. संसार चुकलाय. ह्यातला एक खराब निघाला की तो त्या चौघांना खाणार, बाकीच्यांना पत्ताबी न्हाय. चाळीसचे एक्केचाळीस कर. मग फिरत फिरत सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडती. झीज वाटून घेतेत."

हा नियम पुस्तकातही आहे, मी तो शिकलेही होते. परीक्षेपुरता शिकले होते, एवढंच. अण्णा तो नियम घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलले, म्हणून डोक्यात बसला.

'कुटं जायाचं'ची एक हकिकत सांगते. मोहोळहून एक बागायतदार आपली जुनी जीप घेऊन आला होता. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की मागच्या अॅक्सलचे गिअर बदलले की गाडी सुसाट पळते. अण्णांनी विचारलं, "कुटं जायाचं?"

"हायवेला की. पुण्याला."

"रोज?"

"रोज कुटं? वर्षाकाठी दोनदा."

"मग रोज कुटं?"

"रोज रानात. मागं डाळिंबाचे क्रेट असतेत."

"चढ हाय?"

"हाय की, विहिरीपाशी लई."

"मग वर्षाकाठी दोनदा पळायला रोज चढावर मरायचं का?" असं म्हणून अण्णांनी त्याला जीपसकट परत पाठवलं. मालक दिवसभर धुसफुसत होते. पण त्यात अण्णांचं सगळं शास्त्र आलं. इंजिन चाकाला ज्या दातांमधून ओढतं, त्यांचं प्रमाण एका बाजूला झुकवलं तर गाडी पळते, पण हळू चालायला कुरकुरते. दुसऱ्या बाजूला झुकवलं तर गाडी मुंगीच्या पावलानं चालेल, चढ चढेल, पण पळायचं नाव काढायचं नाही. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून आधी कुठं जायचं ते ठरवा, मग दात मोजू.

अशा या माणसापुढे एक दिवस ती गाडी आली.

गाडी म्हणजे तिचा मागचा अॅक्सल तेवढा टेम्पोतून आला. बरोबर गाडीच्या मालकाचा मुलगा, निखिल. चाळिशीचा, बोलायला गोड, जुन्या गाड्यांचं वेड लागलेला. त्यांच्या घरी आजोबांच्या काळापासूनची एक मोठी विलायती गाडी होती. त्या काळी अशा गाड्यांचं नुसतं इंजिन आणि सांगाडा बोटीनं यायचा, वरची बॉडी श्रीमंत लोक आपल्या आवडीनं बांधून घेत. बॉडी किती जड, रस्ते चढाचे की सपाट, गाडी मालक स्वतः पळवणार की मागे आरामात बसणार, हे पाहून अॅक्सलचे दात निवडत. गाडीची खरी प्रतिष्ठा तिच्या वेगात नव्हती. गिअर न बदलता, आवाज न करता, पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीनं ती जाऊ शकते का, यात होती. हे मला निखिलनंच मोबाइलवर फोटो दाखवत सांगितलं. त्या गाडीच्या लहान चाकाचे दोन दात तुटले होते. जोडी नवी कापायची होती. चांगलं पोलाद त्यानं पुण्याहून घडवून आणलं होतं, एकाच जोडीपुरतं.

"जशी होती तशीच करून द्या," तो म्हणाला. "लहानाला चौदा, मोठ्याला एक्केचाळीस. प्रदर्शनांना न्यायचीय, हायवेला पळाली पाहिजे."

अण्णा अॅक्सलभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "कुटली गाडी ही?"

निखिलनं फोटो पुढे केला. गाडीचं नाक, मोठे गोल दिवे, दाराची वळलेली कड. अण्णांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग मोबाइल परत दिला आणि हात धुवायला गेले. चहाची वेळ नव्हती, तरी टपरीवर जाऊन बसले.

मला काही कळेना. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सोलापूरच्या पूर्वभागात दोन खोल्या, दारात बसून त्यांच्या पत्नी लक्ष्मीअम्मा विड्या वळत होत्या. अण्णा आत झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. लक्ष्मीअम्मांच्या मांडीवरच्या सुपातली बोटं चालू होती आणि ती चालू ठेवूनच त्यांनी मला सगळं सांगितलं.

गिरणी बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा कामगार रोज गेटवर जमत. गिरणीचे मालक भाऊसाहेब, म्हणजे निखिलचे वडील, तेव्हा तरुण होते, गाडी स्वतः चालवत. कामगारांना भांडायचं नव्हतं. निदान त्या दिवशी तरी नव्हतं. गिरणी बंद करायच्या आधी एकदा समोरासमोर बोला, एवढंच मागणं. यल्लय्यांचं मराठी चांगलं, माणूस शांत, म्हणून त्यांना पुढे केलं होतं. गाडी गेटात आली तेव्हा यल्लय्यांनी दारावर हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. गाडी थांबली नाही. ते दारावर हात ठेवून बोलत बोलत गाडीबरोबर थोडं अंतर चालले, मग थोडं पळाले, मग हात सुटला.

"कुणाला लागलं न्हाय, सवरलं न्हाय," लक्ष्मीअम्मा म्हणाल्या. "पण मामंजी त्यानंतर वर्षभर जगले, त्येवढ्यात एकच बोलायचे. इंजन बंद केलं असतं तर ऐकू आलं असतं. बाकी काय न्हाय. इंजन बंद केलं असतं तर." मग त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "हे तितं हुबे होते त्या दिवशी. सगळं बघालते."

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, हे काम नको असेल तर मालकांना मी सांगते. अण्णा म्हणाले, "नको कशाला? आलंय तर करू. पण आधी कुटं जायाचं ते विचारू." ते अॅक्सल पुन्हा तपासत होते. गाडीचा वेग दाखवणारा काटा जिथून फिरतो ती बारीक चाकं निखिलनं बरोबर आणली होती. अण्णांनी त्यांचे दात मोजायला सांगितले. मी हिशेब मांडला तर तो जुळेना. काट्याची चाकं वेगळ्याच अॅक्सलसाठी केलेली होती. तुटलेली जोडी विलायतेहून गाडीबरोबर आलेली नव्हतीच. मुळात लहान चाकाला चौदा नव्हे, अकरा दात असले पाहिजेत.

"म्हंजे कुणीतरी पळायसाठी बदललीय," अण्णा म्हणाले. "आन् काटा तसाच ठिवला."

होटगी रोडवरच्या बंगल्यात आम्ही भाऊसाहेबांना भेटायला गेलो. चालवणार कोण हे पाहिल्याशिवाय मी दात कापत नाही, असं अण्णांनी निखिलला बजावलं होतं. निखिलनं खरं ते सांगून टाकलं. वडिलांना आता ऐंशी गाठत आली होती, डावा पाय धड उचलत नव्हता. गाडी उभी करण्याचा हा सगळा खटाटोप त्यांना एकदा, फक्त एकदा, ती चालवता यावी म्हणून होता. प्रदर्शनं नंतरची.

भाऊसाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. मी मनात एक मगरूर माणूस धरून गेले होते, समोर एक थकलेला, नीट दाढी केलेला म्हातारा निघाला. याचा मला थोडा रागच आला. अण्णांनी त्यांना उठून उभं राहायला लावलं, पुन्हा बसायला लावलं, पाय पाहिला. मग आपल्या आवाजात विचारलं, "जोडी कुणी बदलली?"

"मीच. तरुण होतो, पुण्याला वेळेत पोचायची घाई असायची. तुम्हाला कसं कळलं?"

"काटा खोटं बोलतोय. चाळीस दावायचा तवा गाडी पन्नासावर असायची."

भाऊसाहेब हसले. "बरोबर. आम्हाला ठाऊक होतं ते."

"हळू चालायची का?"

"हळू? जोडी बदलल्यावर ती हळू चालतच नव्हती. गर्दीत घातली की एक तर बंद पडायची, नाही तर उडी मारून पुढं जायची. थांबवता थांबायची नाही."

मी अण्णांकडे पाहिलं. ते भाऊसाहेबांच्या ओठांकडे बघत होते. ऐकू कमी आलं तरी ओठ त्यांना वाचता येत, आणि हे वाक्य त्यांनी पुरतं वाचलं होतं. परत येताना रिक्षात मला म्हणाले, "अम्मा, हा खरं बोलालाय का खोटं?"

"मला काय माहीत, अण्णा?"

"मलाबी न्हाय माहीत. गाडीला विचारू."

मग त्यांनी खरोखरच गाडीला विचारलं. कारखान्यात बसून माझ्याकडून हिशेब करून घेतले. चौदा दातांच्या चाकावर, सगळ्यात वरच्या गिअरला, गाडी किती हळू जाऊ शकेल? माणसाच्या चालीनं नाही जाऊ शकणार. धक्के खाईल, बंद पडेल. इतपत भाऊसाहेब खरं बोलत होते. पण गिअर उतरवून पहिल्याला घातली असती तर? तर चालली असती. क्लच जपून वापरावा लागला असता, जरा कष्ट पडले असते, पण चालली असती. अण्णांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

"गाडीचा दोष अर्धा," ते म्हणाले. "म्हंजे आमच्या बापाला अर्धं गाडीनं फरपटलं, अर्धं ह्या माणसानं. गाडीचा अर्धा मी काढून टाकतो. अकरा कापतो. उरलेला अर्धा त्येचा त्यो बघंल."

मी भडकले. तुमच्या घरच्या हिशेबासाठी गिऱ्हाइकाचं एकुलतं एक पोलाद वापरणार का, असं सरळ विचारलं. निखिलनं चौदा सांगितलेत. अकरा कापले तर गाडी हायवेला म्हशीसारखी जाईल, आणि तो आपल्या दारात येऊन बोंबलेल. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. निदान माझे हातवारे तरी पाहून घेतले.

"चोरून कापणार न्हाय की," ते म्हणाले. "सांगून कापणार. त्येला डावा पाय उचलत न्हाय. चौदा घातले तर गिअर बदलायला दर वेळी क्लच दाबावा लागंल, त्येला झेपणार न्हाय. अकरा घातले तर एकदा वरच्या गिअरला टाकली की पाय उचलायची गरज न्हाय. माज्या बापाचं सोड. त्येच्या गुडघ्यासाठीबी अकराच लागतेत."

दोन्ही हिशेब त्याच आकड्यावर येत होते. यातला खरा कुठला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं असं मला वाटतं.

आम्ही पुन्हा बंगल्यावर गेलो. निखिलला ते पटेना. पळणार नाही, मग प्रदर्शनवाले हसतील, आजकाल ट्रकसुद्धा तिला मागे टाकतील, वगैरे. भाऊसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि अण्णांच्या कमरेकडे बोट केलं.

"हा धोटा आमच्या गिरणीचा आहे."

धोट्यावर गिरणीची जळकी खूण होती. इतकी वर्षं मी ती पाहत होते आणि तिचा अर्थ मला कळला नव्हता.

"व्हय," अण्णा म्हणाले. "बापाचा. यल्लय्या. तीन नंबर खात्याचे जॉबर."

निखिल एकदा वडिलांकडे आणि एकदा आमच्याकडे बघत राहिला, त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अकराच करा," ते निखिलकडे न बघता म्हणाले. "मला आता कुठं पळायचंय."

ती जोडी कापताना अण्णा जसे होते तसे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आमचं जुनं मशीन, त्याला एरवी ते शिव्या घालत काम करून घेत. या वेळी एक शिवी नाही. दात कापून झाले, भट्टीतून आले, मग दोन्ही चाकांना निळा रंग लावून ती एकमेकांवर फिरवायची आणि रंग कुठे पुसला जातो ते बघायचं. दाताच्या मध्यावर टेकलं पाहिजे, कडेला नाही. ते दिवसेंदिवस घासत राहिले. मी म्हणायचे, झालं की आता. ते मान हलवायचे. शेवटी एका दुपारी धोटा जबड्याला लावून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. मी विचारलं, "कसा आहे आवाज?"

"आवाजच न्हाय," ते म्हणाले. आणि त्यांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं. काम साधलं म्हणून की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही.

गाडी जोडून झाल्यावर ती चालवून बघायची कुठे, हा प्रश्न होता. भाऊसाहेबांना रहदारीत सोडण्यात अर्थ नव्हता. निखिल सहज म्हणाला, गिरणीच्या आवारात नेऊ, आतला रस्ता सरळ आहे, कुणाची वर्दळ नाही. त्याच्या दृष्टीनं ती फक्त मोकळी जागा होती. गिरणीच्या शेडचे पत्रे उडालेत, वेड्या बाभळी माजल्यात, पण आतून गेटापर्यंतचा रस्ता आणि गेटाचे दोन दगडी खांब तसेच उभे आहेत. मी अण्णांना विचारलं, तुम्ही येणार का? ते म्हणाले, "मी बसवलेली जोडी. मी न्हाय येणार तर कोण?"

सकाळची वेळ होती. अण्णा धुतलेला शर्ट घालून आले होते, धोटा कमरेला. भाऊसाहेबांना निखिलनं आणि मी धरून स्टिअरिंगमागे बसवलं. निखिल शेजारी बसला, हँडब्रेकवर हात ठेवून. मला मागच्या बैठकीत बसवलं. अण्णांना मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. मागच्या चाकाच्या मडगार्डवर पंजा ठेवून उभे राहिले. अॅक्सल कसा चाललाय ते त्यांना पायी चालत, हातानं बघायचं होतं.

गाडी निघाली. भाऊसाहेबांनी गिअर वरपर्यंत नेला, एवढ्यापुरता डावा पाय कसाबसा दाबला आणि मग तो उचलून बाजूला ठेवला. पुन्हा त्याची गरज पडली नाही. ती एवढी मोठी गाडी सर्वांत वरच्या गिअरला, आचका नाही, धक्का नाही, अण्णांच्या चालीनं चालू लागली. अण्णांचं पाऊल लहान झालं की गाडीही हळू होई. मागे बसून मला त्यांचे पांढरे केस आणि मडगार्डवरचा हात दिसत होता. निखिल वडिलांच्या हातांकडे पाहत होता. मला वाटतं त्या क्षणी त्याच्या डोक्यातून हायवे निघून गेला असावा.

गेट जवळ आलं. भाऊसाहेब समोर बघतच काहीतरी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक, अण्णा बाहेर आणि मागच्या बाजूला, त्यांना ओठ दिसत नव्हते. मी पुढे वाकून विचारलं, काय म्हणालात?

"विचारा त्यांना. त्यांचे वडील त्या दिवशी कुठं उभे होते?"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले. त्या उजाड आवारात माझा आवाज मलाच कसातरी वाटला. "अण्णा, ते विचारतायत, यल्लय्या कुठं उभे होते?"

अण्णा चालत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग त्यांनी मडगार्डवरचा हात काढला, चार-दोन ढांगांत गाडीच्या पुढे गेले आणि गेटाच्या उजव्या खांबाजवळ जाऊन उभे राहिले. बोटानं दाखवलं नाही. स्वतःच तिथं उभे राहिले.

गाडी तशीच मुंगीच्या पावलानं त्यांच्यापर्यंत गेली, भाऊसाहेबांनी गिअर मोकळा केला, निखिलनं हँडब्रेक ओढला आणि ती थांबली. भाऊसाहेबांची बाजू त्यांच्यासमोर आली. काच खाली होती. अण्णांनी दाराच्या कडेवर हात ठेवला.

इंजिन चालू होतं. त्या गाडीचं इंजिन इतकं गोड चालतं की मला मागे बसून ते जाणवतही नव्हतं. अण्णांना मात्र हाताखाली लागलं.

"बंद करा," ते म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, म्हणजे ओरडूनच. "इंजन बंद करा."

निखिल घाबरून म्हणाला, "बाबा, बंद केली तर पुन्हा लवकर चालू होत नाही ती."

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात पुढे करून इंजिन बंद केलं. एक बारीकसा हिसका बसला आणि मग सगळं थांबलं. त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले, मान पूर्ण वळवली, अण्णांना ओठ नीट दिसावेत इतकी वळवली, आणि म्हणाले, "बोला."

त्यानंतर अण्णा कारखान्यात आले नाहीत. तब्येत ढासळली होती, पुढे महिन्याभरात गेलेच. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे अण्णा राहिले ते असेच, गाडीच्या मागच्या बैठकीवरून पाहिलेले. दारावर हात ठेवून ते जरा वाकले होते आणि बोलत होते. काय बोलले ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, तरी मला एक शब्द ऐकू आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अण्णा हळू बोलत होते. भाऊसाहेब ऐकत होते.